पाऊस पडला, ॲपवर मात्र शून्य

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

दि. २४ ऑक्टोबर

विषय : शेतातील हवामान केंद्राच्या चुकीच्या नोंदीमुळे द्राक्षबागेचे नुकसान

महोदय,

कासेगाव (ता. पंढरपूर) येथे माझी दोन एकर द्राक्षबाग आहे. यंदा फळछाटणी १८ सप्टेंबरला झाली. १४ ऑक्टोबरच्या रात्री मी आईच्या ऑपरेशनसाठी सोलापुरात होतो, बाग मोबाईलवरच बघत होतो. गावात चार थेंब पडले, मळा तिथून चार किलोमीटर. तुमच्या केंद्राच्या ॲपवर पाऊस ०, पानांचा ओलावा ०, खाली हिरव्या अक्षरांत 'डाऊनीचा (केवडा रोगाचा) धोका कमी'. म्हणून फवारणी सांगितली नाही.

१७ तारखेला परतलो. बांधावर विसरलेल्या सरळ डब्यात पट्टी बुडवली, तर ३४ मिलिमीटर पाणी. उन्हाने उडाले ते वेगळेच. पर्जन्यमापकाचे नरसाळे बघितले, तर तळाच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले. पाणी वरच तुंबून सांडले, आतले, पाणी भरले की उलटणारे पळे हललेच नाही, आणि पळे हलले नाही की तुमच्या हिशेबी पाऊस नाही. पानओलाव्याच्या सेन्सरची वायर तर उंदरांनी कुरतडली होती. त्याचाही आकडा शून्य!

माशी तिचे काम करते, उंदीरही. दर तीन महिन्यांनी येणार असे करारात लिहिलेला तुमचा माणूस एप्रिलपासून फिरकलेला नाही.

२० तारखेला पानांवर तेलकट पिवळे डाग दिसले, खालून पांढरी बुरशी. आता घडही तपकिरी पडू लागलेत.

महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर त्या रात्री पाऊस नोंदला गेला होता. आपल्याकडे एका शिवारात पाऊस आणि बांधापलीकडे धुरळा, म्हणून तर पदरचे पैसे घालून शेतात केंद्र बसवले. पण याच केंद्रावर रात्रभर आर्द्रता ९६ टक्के होती. शेजारी पाऊस, हवेत एवढी ओल आणि इथे सपाट शून्य, हे तुमच्याकडे कुणाला खटकू नये? मोडके यंत्र आणि कोरडा दिवस, दोन्हींना तुम्ही एकच आकडा लावता. 'नोंद नाही' एवढे जरी आले असते, तरी मी शेजाऱ्याला फोन केला असता. हेच आकडे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे बावीस बागायतदार बघतात.

तरी आठ दिवसांत दुरुस्ती करावी, यंदाची वर्गणी परत द्यावी, नुकसानीची पाहणी करावी आणि बंद सेन्सरपुढे शून्य दाखवणे थांबवावे.

माणूस पाठवाल तेव्हा आदल्या दिवशी कळवा. माशीचे घर मी फोडलेले नाही.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
कासेगाव, जि. सोलापूर