पाद्रीबुवांचा जबाब

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालीस, "बाबा, डिम्सडेल म्हणजे आपल्या बेणारेबाईंचा प्रोफेसर दामले. पळपुटा. निबंधात त्याला दोन ओळींपेक्षा जास्त जागा द्यायची नाही." तुझ्या आईला हे लगेच पटलं. मला पटलं नाही, आणि फोनवर मला मुद्देसूद भांडता येत नाही, म्हणून हे पत्र. नॅथॅनिएल हॉथॉर्नची 'द स्कार्लेट लेटर' ही कादंबरी मी या पावसाळ्यात पुन्हा वाचली: हेस्टर या विवाहितेला पाद्री डिम्सडेलपासून मूल होतं, शिक्षा तिला होते, आणि ती त्याचं नाव सांगत नाही. वाचली तीही कोर्टातल्या शिरस्तेदाराच्या डोळ्यांनी. नोकरी संपली तरी ते डोळे काही जात नाहीत.

आधी दामल्यांचं. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये बेणारेबाईंना दिवस जातात ते त्यांच्यापासून, पण ते शेवटपर्यंत रंगमंचावर येत नाहीत, आणि नाटकाचा निम्मा जोर त्या न येण्यातच आहे. त्यांना रात्री झोप लागते की नाही, आपल्याला पत्ता नाही. हॉथॉर्नने बरोबर उलटं केलं. त्याने गुन्हेगार सात वर्षं आपल्या डोळ्यांपुढे ठेवला, त्याच्या खोलीत नेलं, तो स्वतःच्या अंगावर चाबूक ओढतो तेही दाखवलं. या दोघांना एकाच पिंजऱ्यात उभं करू नकोस.

आता कायदा. कथा घडते १६४२ ते १६४९ च्या बॉस्टनमध्ये. तेव्हा तिथे व्यभिचाराला देहदंड होता, आणि तो नुसता कागदावर नव्हता: १६४४ साली मेरी लॅथम आणि जेम्स ब्रिटन यांना त्यासाठी फाशी झाली. नवरा बहुधा समुद्रात बुडाला असावा म्हणून कादंबरीतलं कोर्ट हेस्टरवर दया दाखवतं. तान्ह्या पोरीला घेऊन तीन तास बाजारातल्या चौथऱ्यावर उभं राहायचं आणि जन्मभर छातीवर 'ए' हे अक्षर वागवायचं. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात हे कापडी अक्षर आलं १६९४ साली. दोन इंच उंचीचं, कपड्याच्या विरुद्ध रंगाचं, शिवाय गळ्यात दोर अडकवून तासभर फाशीच्या मंचावर बसायचं आणि चाळीसपर्यंत फटके. त्यात पुरुषालाही तीच शिक्षा होती, हे लक्षात घे. लेखकाने पुढच्या पिढीचं कलम मागे ओढून आणलं आणि ते एकट्या बाईला लावलं, कारण दुसरा आरोपी कोर्टाला सापडतच नाही.

सापडत कसा नाही? तो तर सज्जात, गव्हर्नरच्या पंक्तीला बसलाय! तिसऱ्या प्रकरणातला तो प्रसंग तू पुन्हा वाच. म्हातारा विल्सन पाद्री डिम्सडेलला पुढे करतो: ही बाई तुझ्या कळपातली, तिच्याकडून त्या पुरुषाचं नाव तूच वदवून घे. आणि हा वाकून तिला विनवतो की त्याची दया येऊन गप्प राहू नकोस. त्याला उच्चासनावरून उतरून तुझ्याशेजारी उभं राहावं लागलं तरी जन्मभर अपराध लपवण्यापेक्षा ते बरं. माझ्या सगळ्या नोकरीत मी असा आरोपी पाहिला नाही, जो साक्षीदाराला हात जोडून सांगतो की माझ्याविरुद्ध बोल. ती बोलत नाही. तो छातीवर हात ठेवून मागे सरतो. तू याला नुसता भेकडपणा म्हणतेस. त्याने आपल्या कबुलीचं ओझं तिच्या जिभेवर टाकलं, हे मला भेकडपणापेक्षा वाईट वाटतं.

पण माझं खरं भांडण अकराव्या प्रकरणावर आहे. डिम्सडेल गप्प बसत नाही गं. दर रविवारी व्यासपीठावरून सांगतो की मी अधमाहून अधम आहे, पाप्यांत महापापी आहे. ऐकणारे काय करतात? एवढ्या शुद्ध माणसाला स्वतःत इतकं पाप दिसतं, मग आपल्यात किती असेल, म्हणून त्याला आणखी पूजतात. आणि असं होणार हे त्याला ठाऊक असतं. आमच्याकडे जबाबात तारीख, वेळ, ठिकाण, नाव लागायचं. 'माझं काही चुकलं असेल तर माफी असावी' याला कबुली म्हणत नाहीत. तो उंबरठ्यावरचा नमस्कार झाला. डिम्सडेल सात वर्षं तो नमस्कार घालत राहिला. रात्री रिकाम्या चौथऱ्यावर चढला तेव्हा हेस्टरच्या लहानग्या पर्लने एका वाक्यात त्याची उलटतपासणी घेतली: उद्या दुपारी आईच्या आणि माझ्याबरोबर इथे उभा राहशील का? वेळ, ठिकाण, कुणाबरोबर, सगळं आलं त्यात. याने उत्तर दिलं, उद्या नाही, कयामतच्या दिवशी.

हेस्टरबद्दल तू लिहिशीलच, मी थोडक्यात सांगतो. तिची शिक्षा फसली. निवेदक साफ म्हणतो की त्या अक्षराने आपलं काम केलंच नाही. लोकांनी वाळीत टाकल्यावर ती एकटी पडली आणि एकटेपणात तिने असे विचार केले, जे त्या गावातल्या कुणी करायची हिंमत केली नसती. चारचौघांत केलेल्या बदनामीने माणूस गप्प होतो, लाजतोही; पश्चात्ताप मात्र होईलच असं नाही.

आता हे सगळं हॉथॉर्नला सुचलं कुठून, तर घरातून. त्याचा पूर्वज जॉन हॅथॉर्न (आडनाव तेव्हा असं होतं) १६९२ च्या, बॉस्टनजवळच्या सेलम गावच्या चेटूक खटल्यांत न्यायाधीश होता. एकोणीस माणसं फासावर गेली आणि आरोपाला उत्तर द्यायला नकार देणाऱ्या म्हाताऱ्या जाइल्स कोरीला दगडांखाली चिरडलं. त्या कोर्टाचा उफराटा न्याय बघ: 'हो, मी चेटकीण आहे' असं म्हणून त्यावर ठाम राहिलेल्या एकालाही फाशी झाली नाही. फाशी झाली ती नाही म्हणणाऱ्यांना. पुराव्यात काय, तर हिचं भूत मला रात्री चिमटे काढतं. असा पुरावा घेणं बंद झाल्यावर बहुतेक आरोपी सुटले. खोट्या कबुलीला जीवदान आणि खऱ्या नकाराला दोर, अशा गावच्या वंशजाने कबुलीवर कादंबरी लिहावी यात मला नवल वाटत नाही. प्रस्तावनेत तो पूर्वजांची लाज स्वतःच्या माथी घेतो. हॅथॉर्नने स्वतः कधी जाहीर माफी मागितली नाही.

त्याच्याबरोबरच्या एका न्यायाधीशाने मागितली. सॅम्युएल स्यूअल. १६९७ च्या जानेवारीत, उपवासाच्या दिवशी, बॉस्टनच्या चर्चमध्ये पाद्रीने त्याची चिठ्ठी वाचली आणि तो सगळ्यांसमोर आपल्या जागी उभा राहिला. त्या कोर्टाचा दोष आणि लाज माझ्यावर घेतो, असं त्यात होतं. कोणतं कोर्ट, कुणाचा दोष, सगळं स्पष्ट. त्यानंतर नऊ वर्षांनी, चेटकाचे आरोप करणाऱ्या पोरींपैकी ॲन पटनमनेही चर्चमध्ये कबुली दिली, पण सैतानाने भुलवलं असं म्हणून. तिचाही मी तिरस्कार करणार नाही, खटल्यांच्या वेळी ती बारा-तेरा वर्षांची होती. पण स्यूअलच्या ओळीत तिला बसवता येत नाही.

तुझ्या निबंधासाठी माझी एकच मागणी आहे, चोविसावं प्रकरण सोडू नकोस. त्याच्या आधीच्या प्रकरणात डिम्सडेल भर दुपारी, गर्दीसमोर चौथऱ्यावर चढतो, हेस्टरचा आधार घेतो, पर्लचा हात धरतो, छाती उघडी करतो आणि मरतो. तिथेही 'ए' उमटलेला होता, असं बहुतेक बघणारे सांगतात. पण चोविसाव्यात काही प्रतिष्ठित मंडळी शपथेवर सांगतात की छातीवर काही नव्हतंच, आणि पाद्रीबुवांनी कसलाही गुन्हा कबूल केला नाही. आपण सगळेच पापी आहोत, एवढंच त्यांनी करून दाखवलं. सात वर्षांची ती गुळगुळीत भाषा गर्दीच्या इतकी अंगवळणी पडली होती की खरा जबाब तिने प्रवचन म्हणून नोंदवला.

'भेकड' हा शब्द हवा तर राहू दे. पण सांग, त्या शेवटच्या दुपारी तो पळत होता का? आणि नसेल, तर दोन ओळींत त्याला कसा बसवणार?

सेलमला जाशील तेव्हा चार्टर स्ट्रीटच्या दफनभूमीत जा. हॅथॉर्नची कबर तिथेच आहे आणि शेजारी त्या वीस जणांचं स्मारक. दोन्हींचे फोटो पाठव, नावं वाचता येतील असे.

तुझा,
बाबा