निम्मं ट्रेनिंग मोबाईलवर, उरलेलं निम्मं कुठं गेलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी पाटण तालुक्यात कोयना भागातल्या द्विशिक्षकी झेडपी शाळेत शिकवते, १६ वर्षं झाली. शिक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दल थोडं मनातलं लिहायचंय.

२०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात म्हटलंय की प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावं, ऑनलाइन पण आणि समोरासमोर पण. मला हे मनापासून पटतं. आमची डाएट (शिक्षकांना प्रशिक्षण देणारी जिल्ह्याची संस्था) फलटणला, आमच्या वाडीवरून तिकडं जायचं म्हणजे अख्खा दिवस जातो आणि दोनच शिक्षक असल्यावर एक बाहेर गेला की दुसऱ्यानं चारही वर्ग सांभाळायचे. त्यामुळं २०२० च्या ऑक्टोबरपासून निष्ठा या सरकारी शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचे कोर्स दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवर आले तेव्हा मला तर बरंच वाटलं होतं, रात्री पोरं झोपल्यावर का होईना पण घरी बसून शिकता येणार होतं.

पण प्रत्यक्षात झालं काय, तर ग्रुपवर लिंक येते, शेवटची तारीख येते, मग "किती जणांचं पूर्ण?" म्हणून रोज यादी येते. आमच्याकडं रेंज देवळाच्या पायरीवर, तिथं बसून व्हिडिओ लावायचा, तो मध्येच गोल गोल फिरत बसतो. शेवटी चाचणी सोडवायची, सर्टिफिकेट डाउनलोड करायचं आणि ग्रुपवर टाकायचं. त्यातलं वर्गात काय वापरलं, कुठं अडलं, हे मला आजवर एकदाही कुणी विचारलेलं नाही.

एकच उदाहरण सांगते. तिसरीची पोरं ५२ वजा ३७ चं उत्तर २५ काढायची. सातातून दोन गेले पाच, पाचातून तीन गेले दोन, मोठ्यातून लहान वजा करून मोकळी! हातच्याच्या वजाबाकीचा व्हिडिओ मी तीनदा बघितला, छान होता, पण माझ्या पोरांची चूक काही सुटेना. मग आमच्या केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत, शिक्षकांच्या बैठकीत, चहाच्या सुट्टीत शेजारच्या शाळेतल्या बाईंना बोलले. त्यांनी पर्समधनं काड्यांचे पाच गठ्ठे काढले, दोन सुट्ट्या काड्या ठेवल्या आणि म्हणाल्या, "आता मला सात सुट्ट्या द्या." माझ्याकडं सुट्ट्या दोनच, मग एका गठ्ठ्याचं रबर काढावंच लागलं, झाल्या बारा. त्या म्हणाल्या, रबर तुम्ही काढू नका, पोरालाच काढू द्या. दुसऱ्या दिवशी वर्गात तसंच केलं आणि एका पोरीनं रबर काढता काढताच "बाई, पंधरा!" म्हणून सांगितलं. व्हिडिओतही गठ्ठे होतेच हो, पण रबर कुणी काढायचं हे मला त्या बाईंमुळं कळलं.

आणि हे सगळं चहाच्या दहा मिनिटांत. बाकीची परिषद परिपत्रकं वाचण्यात, कुठली माहिती कधी भरायची यात गेली.

म्हणून माझी मागणी अशी की ऑनलाइन आणि समोरासमोर ही दोन वेगळी कामं धरू नका. महिन्याला एकच छोटा विषय घ्या, व्हिडिओ आधी पाठवा (दीक्षा ॲपवर डाउनलोड करून ठेवता येतो, म्हणजे रेंजचा प्रश्न बऱ्यापैकी मिटतो), दोन-तीन आठवडे तो वर्गात करून बघू द्या, आणि मग परिषदेत निदान दोन तास फक्त त्यावरच बोलू, पोरांच्या वह्या घेऊन. परिपत्रकं ग्रुपवर टाका, आम्ही वाचतो. डाएटचे विषयतज्ज्ञ प्रत्येक शाळेत येऊ शकत नाहीत हे मान्य, पण केंद्रात दोन-तीन महिन्यांतून एकदा आले तरी खूप आधार वाटेल. आणि वर्गात करून बघितलेले तास त्या ५० तासांत धरा, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारण खरं शिकणं तिथंच होतं आणि नेमके तेच कुठं मोजले जात नाहीत.

नव्यानं लागलेल्या पोरापोरींसाठी तर हे लवकर व्हायला पाहिजे. आमच्या केंद्रात अशी दोघं आहेत, मोबाईल आमच्यापेक्षा भारी वापरतात, पण पहिली ते चौथी एकत्र कशी बसवायची हे त्यांना कुणीतरी शेजारी बसूनच दाखवावं लागतंय. पुढच्या परिषदेला मी माझ्या पोरांच्या वजाबाकीच्या वह्या घेऊन जाणार आहे, वेळ मिळाला तर बरं.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. पाटण, जि. सातारा