मी येईपर्यंत मागच्या डेकवर जाऊ नका

प्रिय आई आणि बाबा,

परवा निघताना जे सांगायला हवं होतं ते मी सांगितलंच नाही. गाडी पहिल्या वळणावर आली आणि चुटपुट लागली ती अजून आहे, म्हणून आज कामावरून आल्या आल्या लिहायला बसलेय. फोन केला असता, पण फोनवर बाबा "बरं बरं, बघू" म्हणून फोन आईकडे देतात, आई माझ्या तब्येतीचं विचारते आणि मूळ विषय राहूनच जातो. लिहिलेलं मात्र बाबा दोनदा वाचतात हे मला माहितीये.

तर पहिली गोष्ट. मी येईपर्यंत मागच्या डेकवर, म्हणजे मागच्या दाराबाहेरच्या त्या लाकडी ओट्यावर, कोणीही पाय ठेवायचा नाही, कुंड्यांना पाणी घालायला नाही, कपडे वाळत घालायला नाही, दोन मिनिटं उभं राहायलाही नाही. ते दार आतून कडी लावून बंद ठेवा आणि कडीला एक दोरी बांधून ठेवा, म्हणजे सवयीने हात गेला तरी आठवेल.

मी उगाच घाबरवत नाहीये. त्या दिवशी सकाळी बाबा कठड्याला टेकून उभे होते तेव्हा कठडा किंचित बाहेर गेला आणि परत आत आला. बोटभरसुद्धा नाही, दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नसतं, पण डेक आणि कुंपणं बांधणं हेच माझं रोजचं काम ना, माझ्या पोटात गोळाच आला. मग दुपारी तुम्ही दोघं जरा पडलात तेव्हा मी टॉर्च घेऊन डेकच्या खाली सरपटत गेले. घराच्या भिंतीला लागून एक आडवी जाड फळी असते, तिला आम्ही लेजर म्हणतो, डेकचं घराकडच्या बाजूचं सगळं वजन त्या एका फळीवर असतं. तुमची ती फळी नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली आहे. एकही बोल्ट नाही. आणि तिच्या वर पत्र्याची एक वाकवलेली पट्टी असायला हवी, फ्लॅशिंग म्हणतात, भिंतीवरून ओघळणारं पाणी ती फळीच्या पुढून खाली टाकते, तीही नाही. म्हणजे इतक्या वर्षांचं पावसाचं पाणी फळीच्या मागे जाऊन बसलंय आणि तिथे ना ऊन जातं ना वारा. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं, जोरही दिला नव्हता, आणि ते दोन बोटं आत गेलं, भिजलेल्या पुठ्ठ्यात जावं तसं. बाहेर काढलं तर टोकाला काळा ओला भुसा आणि बुरशीचा तो वास, जो मी आता लांबूनही ओळखते.

खिळा धरून राहतो तो लाकडाच्या घट्टपणावर. लाकूड मऊ पडलं की तो नुसता भोकात बसलेला असतो, आणि डेकला बाहेरच्या बाजूला जरा ओढ बसली की सरळ सुटून येतो. डेक कोसळतात त्यात लेजर भिंतीपासून सुटणं हे अगदी नेहमीचं कारण आहे, आणि बऱ्याचदा आधी काही कुरकुर नाही, फळी वाकलेली नाही, वरून सगळं छान दिसत असतं आणि एकदम जातं. तेही नेमकं माणसं जमलेली असताना, सगळे फोटोसाठी कठड्याच्या बाजूला सरकतात तेव्हा.

आई, म्हणूनच मला तुझ्या वाचनाच्या ग्रुपची काळजी लागलीये. तू म्हणालीस वीस जणी येणार, मागेच बसू, हवा छान असते. डेकचा हिशोब करताना दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वजन धरतात. तुमचा डेक चार बाय तीन मीटर, म्हणजे १२ चौरस मीटर, म्हणजे कागदावर २,४०० किलो, त्यापुढे वीस बायका काहीच नाहीत. पण हा हिशोब लाकूड धड असेल आणि बोल्ट जागेवर असतील तरचा आहे. आज त्या डेकला मी एका माणसाचंही वजन द्यायला तयार नाही. यावेळी हॉलमध्ये बसा, प्लीज.

बाबा, तुम्ही हे वाचून गप्प बसाल आणि स्वतःला दोष द्याल, मला माहितीये. नका देऊ. डेक बांधणाऱ्या त्या माणसाने दोन दिवसांत काम संपवलं, फळ्या एका रेषेत होत्या, पॉलिश चकचकीत होतं, कोणीही पैसे दिले असते. आमच्या धंद्यात जे महत्त्वाचं असतं ते सगळं जमिनीत किंवा फळ्यांखाली असतं, ते घरमालकाला दिसणार कसं? आणि चुका मीही केल्यात. शिकत असताना एका ऑफिसच्या टेरेसवर कंपोझिट फळ्या लावल्या होत्या, ऐन थंडीत, आणि टोकाला टोक अगदी घट्ट भिडवलं कारण तसंच सुबक दिसतं असं मला वाटलं. कंपोझिटमध्ये लाकडाच्या भुशाबरोबर प्लॅस्टिक असतं, ते उन्हात लांबीला वाढतं, फळी लावताना त्या दिवसाचं तापमान बघून टोकांना फट सोडावी लागते. उन्हाळा आला आणि सगळी ओळ मधे उचलली गेली, एक माणूस अडखळून पडला, नशिबाने खरचटण्यावर निभावलं. ते सगळं मी परत उखडून लावलं. तेव्हापासून थर्मामीटर माझ्या टूलबॉक्समध्ये असतो आणि तो माणूस पडतानाचा आवाज अजून डोक्यात आहे.

आता चांगली बातमी. आपलं कुंपण! मी सगळेच्या सगळे चौदा खांब तपासले, बुंध्याशी माती उकरून, आणि तुम्ही आणि मी लावलेले तेरा अजून टणक आहेत. मी नऊ वर्षांची होते तेव्हा, आठवतं का, दोरीचं एक टोक मी धरून उभी आणि ओळंबा हलायचा थांबेपर्यंत श्वास रोखून धरायचे, मला वाटायचं माझ्या श्वासानेच तो हलतोय. तुम्ही म्हणायचात, खांब जेवढा वर त्याच्या निम्मा खाली. दीड मीटर वर तर पाऊण मीटर खाली. शिकायला गेले तेव्हा पुस्तकात वाचलं की खांबाचा एक तृतीयांश भाग जमिनीत हवा, आणि मला एकदम कळलं की हे तर तेच आहे, बाबांनी सांगितलेलं. खड्ड्याच्या तळाला खडी, मग थोडी माती, पहारीने ठोकायची, परत थोडी माती, परत ठोकायची. मला तेव्हा कंटाळा यायचा, एका खांबाला इतका वेळ कशाला. आज माझ्या हाताखालची मुलं तेच विचारतात आणि मी तुमच्यासारखीच काही न बोलता ठोकत राहते.

चौदावा, म्हणजे नंतर बदललेला फाटकाचा खांब, तो गेलाय. तो काँक्रीटमध्ये बसवलाय पण तळ बंद आणि वरचा भाग वाटीसारखा खोलगट, म्हणजे पाणी खांबाभोवतीच साचून राहतं. काँक्रीट वाईट नसतं, मी रोज वापरते, पण त्याचा माथा खांबापासून बाहेर उतरता हवा आणि खाली खडी हवी म्हणजे पाणी निघून जातं. लाकूड नेहमी जमिनीच्या रेषेपाशीच आधी कुजतं, चार बोटं वर चार बोटं खाली, कारण बुरशीला पाणी आणि हवा दोन्ही लागतात आणि दोन्ही मिळतात ते तिथेच. वर लाकूड वाळतं, खोल गेलं की हवा नसते. तुमच्या त्या खांबाला बरोब्बर तिथेच काळा पट्टा आहे.

आणि ते फाटक रोज पायाने उचलून लावू नका बाबा, कंबर धरेल. त्याची तिरकी पट्टी उलटी लागलीये. लाकडी पट्टी खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यातून कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याकडे जायला हवी, मग फाटकाचं वजन पट्टीवर दाबलं जाऊन बिजागरीत उतरतं. तुमची वरच्या बिजागरीपासून खाली आलीये, तिथे वजन तिला ओढतं आणि स्क्रू एकेक करून ढिले होतात. तार लावायची असती तर तीच दिशा बरोबर होती, कारण तार ओढ झेलते. नवा खांब रोवला की पट्टी फिरवून लावते, अर्ध्या तासाचं काम आहे.

डेकचं मात्र पूर्ण नवीन करायचं मी ठरवलंय, आणि मीच करणार, दुसऱ्या कोणाला बोलावू नका. सध्या एका गोदामाला जाळीचं कुंपण घालतोय, खांब रोवून झालेत, जाळी ताणायची बाकी आहे, ते संपलं की आठ-दहा दिवस मोकळी आहे. यावेळी डेक भिंतीला टांगायचाच नाही, घराकडच्या बाजूलाही स्वतंत्र खांब देते, म्हणजे भिंत कोरडी राहील आणि सगळं वजन आपल्या पायांवर. खांब मातीत नाही रोवायचे, काँक्रीटच्या पायावर लोखंडी बूट बसवून त्यात उभे करायचे, लाकूड जमिनीला लागणारच नाही. खालच्या तुळया ४०-४० सेंटीमीटरवर. आणि स्क्रू सगळे गॅल्वनाइज्ड किंवा स्टेनलेस, कारण ट्रीट केलेल्या, म्हणजे कुजू नये म्हणून औषध मुरवलेल्या, लाकडात तांबं असतं आणि ते साध्या लोखंडाला खातं, तुमच्या फळ्यांवर प्रत्येक स्क्रूपासून जे काळे ओघळ आलेत ते त्याचेच.

पायऱ्यांचा मी सगळ्यात जास्त विचार केलाय. आई, तू उतरताना शेवटच्या पायरीला दरवेळी थबकतेस, तुला वाटतं गुडघा आहे, पण मी मोजलं, बाकीच्या पायऱ्या १८ सेंटीमीटरच्या आहेत आणि शेवटची २२ ची. पायाला दोन-तीन पायऱ्यांत उंची पाठ होते आणि एकच वेगळी निघाली की तोल जातो. बांधकामाच्या नियमांत म्हणूनच सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात यावर इतका भर असतो, एक सेंटीमीटरचा फरकही चालत नाही. मी सगळ्या १५ च्या करते, एखादी पायरी वाढेल, वाढू दे. दोन्ही बाजूंना गोल कठडा, मुठीत मावेल असा, साधारण चार सेंटीमीटर जाडीचा, सपाट रुंद फळी पडताना धरता येत नाही. डेकच्या कठड्याच्या उभ्या पट्ट्यांत १० सेंटीमीटरपेक्षा कमी अंतर ठेवते म्हणजे दादाची छोटी आली तर डोकं अडकायची भीती नाही. फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या टाकते आणि फट ५ मिलिमीटरच, बाबांच्या काठीचं टोक त्यात जाणार नाही. एका बाजूला उतारासाठी जागाही मोकळी सोडतेय, एक सेंटीमीटर उंचीला बारा सेंटीमीटर लांबी या हिशोबाने. आज गरज नाहीये, रागवू नका, पण उद्या लागला तर सगळं परत फोडायला नको.

अजून एक, जुन्या फळ्या निघतील त्या जाळायच्या नाहीत. बाबा, तुम्ही नक्की म्हणाल की फुकट सरपण आहे. जुन्या हिरवट ट्रीट केलेल्या लाकडात आर्सेनिक असायचं, अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडासाठी ते २००३ संपताना बंद झालं, आणि आपलं लाकूड कुठल्या जातीचं आहे याची खात्री नाही. धूर आणि राख दोन्ही विषारी. मी गाडीत भरून नेईन.

आणि खड्डे तुम्ही आधीच खणून ठेवायचे नाहीत!! मला मदत म्हणून तुम्ही सकाळी उठून सुरू कराल. जमिनीखाली गॅसची, पाण्याची, विजेची लाइन कुठून गेलीये ते आधी त्या त्या खात्याकडून खुणा करून घ्यायचं असतं, ते मी फोन करून बघते.

तुमच्यासाठी एकच काम ठेवलंय. डेकच्या बाहेरच्या कडेच्या माथ्यापासून खाली जमिनीपर्यंत उंची मोजायची, डेकवर न चढता आणि त्याच्या खाली न जाता, बाहेर जमिनीवर उभं राहून, डावीकडे, मधे आणि उजवीकडे, तीन ठिकाणी. तुमची पिवळी टेप घ्या. तिचा हूक हलतो म्हणून तुम्ही ती टाकून देणार होतात ना, तो बिघडलेला नाहीये, मुद्दाम ढिला असतो, हूकच्या पत्र्याची जी जाडी असते तेवढाच तो सरकतो, म्हणजे अडकवून मोजलं काय किंवा आत टेकवून मोजलं काय, माप बरोबरच येतं. आईला टेपचं टोक धरायला सांगा आणि आकडे बाबांनी वाचायचे. मिलिमीटरपर्यंत. व्हॉट्सॲपवर पाठवा, मी त्यावरून पायऱ्या कापून घेऊन येते.

दाराला दोरी बांधलीत की तेही कळवा.

तुमची,
माई