काकू, तुम्ही मला पहिल्यांदा 'बाई' म्हणालात

ती. काकूंना सा. न.

परवा फोनवर मला बोलताच आलं नाही. "लायसन्स आलं" एवढं कसंबसं म्हटलं आणि पुढे नुसतं रडू. त्यात तुमच्या गावची रेंज. पलीकडून तुम्ही "अगं काय झालं? पोरं बरी आहेत ना?" असं विचारत राहिलात आणि फोन कट झाला. नंतर तुमच्या सूनबाईंनी खरं काय ते तुम्हाला कळवलं म्हणून बरं, नाहीतर तुम्ही रात्रभर जागल्या असतात. म्हणून आता लिहायला बसले. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही स्वतःच्या तोंडानं यातलं अक्षर कुणाला सांगणार नाही, आणि मला सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ओहायो राज्यानं मला प्राथमिक शाळेत शिकवायची परवानगी दिली. ऑगस्टमध्ये शाळा सुरू होईल. दुसरीचा वर्ग मिळालाय.

इथपर्यंत येताना काय काय झालं त्यातलं थोडंच तुम्हाला माहीत आहे. 2011 साली मी कोलंबसला आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. नोकरी करायची परवानगी नाही. ग्रीनकार्ड यायला दहा वर्षं गेली. ते आल्यावर मी पहिल्यांदा गेले ती घराजवळच्या एका कॉलेजात. तिथल्या माणसानं माझ्या बीएस्सीच्या गुणपत्रिका दोन मिनिटं चाळल्या आणि म्हणाला, तुमची पदवी तीन वर्षांची, इथली चार वर्षांची असते, तुम्ही पहिल्या वर्षापासून सुरुवात करा. बस्स. पुढचा माणूस आत आला. त्याच कागदांचं पुढे रीतसर मूल्यमापन करून घेतलं तेव्हा ते व्यवस्थित चालले. म्हणजे खोट पदवीत नव्हती. त्या माणसाला दहा मिनिटं जास्त द्यायची नव्हती, एवढंच.

मग एक ऑनलाइन संस्था भेटली. नाव लिहीत नाही. पैसे भरेपर्यंत दिवसातून दोनदा फोन, "मॅम, तुम्ही जन्मजात शिक्षिका आहात" वगैरे. पैसे भरले आणि फोन बंद झाले. प्रश्न विचारला की उत्तरात फक्त तक्रारीचा क्रमांक यायचा. त्यात आमचे साठवलेले पैसे गेले, जवळजवळ वर्ष गेलं. आणि ओळखीतल्या एका घरी जेवायला गेलो असताना सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं, "ऑनलाइन पदवी म्हणजे काय हो, पैसे टाका, कागद घ्या." मी खाली मान घालून भात कालवत बसले. तो घास अजून घशात आहे.

त्यानंतर वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीत नाव घातलं ते अगदी धाकधुकीनं. तुम्ही मला पहिल्याच दिवशी विचारलं होतंत, "हे विद्यापीठ आहे तरी कुठं?" तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं. 1997 मध्ये अमेरिकेतल्या 19 गव्हर्नरांनी मिळून ते काढलं. कचेरी युटा राज्यात, वर्ग कुठेच नाही. सगळा अभ्यास घरून, आपल्या वेगानं. सहा महिन्यांचं एक सत्र, आणि त्या सत्राची फी ठरलेली. त्यात तुम्ही दोन विषय करा नाहीतर दहा, पैसे तेवढेच. येतंय असं वाटलं की परीक्षा द्यायची, पास झालात की लगेच पुढचा विषय उघडतो.

"आपल्या वेगानं" हे ऐकायला फार गोड वाटतं. चार वर्षांचं पोर मांडीवर, मोठीची शाळा, स्वयंपाक, आणि माझा वेग म्हणजे रात्री साडेदहा ते डोळे मिटेपर्यंत. तुमच्यासाठी कुणी थांबलेलं नसतं आणि तुम्हाला कुणी ओढतही नसतं. पहिल्या सत्रात माझे तीनच विषय झाले. माझी मेंटॉर खूप चांगली होती, दर आठवड्याला न चुकता फोन करायची, धीर द्यायची. पण ती फोनवर. घरात दार बंद करून बसायला मला जागा नव्हती आणि दाराबाहेर कुणी माणूस नव्हतं.

2023 च्या एप्रिलअखेरीस तुम्ही आलात. अपार्टमेंटच्या लाँड्रीत मी धाकट्याला ओरडत होते, "आता एक धपाटा देईन हां," आणि मागून आवाज आला, "देऊ नकोस गं, माझ्याकडं दे त्याला." तुमचा मुक्काम सहा महिन्यांचा, आणि 1 मे रोजी सुरू होणारं माझं सत्रही सहा महिन्यांचं. तुम्हीच ते बोटावर मोजलंत आणि म्हणालात, "मग काय, आपण दोघी एकाच दिवशी सुटू."

मी तोवर तुम्हाला फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या काकू समजत होते. तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या द्विशिक्षकी शाळेत, जिल्हा परिषदेच्या नोकरीत, एकतीस वर्षं शिकवलंत हे कळायला आठवडा गेला. आणि तुम्ही बीए केलंत ते नोकरी सांभाळून, दोन मुलं पदरात असताना, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून, हे कळलं तेव्हा मला एकदम पायाखाली जमीन लागल्यासारखं झालं. 1989 साली स्थापन झालेलं ते विद्यापीठ तेव्हा नवंच होतं. लोक तुम्हालाही म्हणायचे, पोस्टानं पुस्तकं येतात ती कसली पदवी! रविवारी एसटीनं साताऱ्याला जायचं, अभ्यासकेंद्रावर बसायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. पाच वर्षं लागली म्हणालात. ते सांगताना तुमच्या आवाजात ना कुरकुर होती ना मोठेपणा. वर म्हणालात, "आमचं सगळं शिक्षण रयतच्या शाळेत. भिंतीवर लिहिलेलं असायचं, स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद. पण स्वावलंबी म्हणजे एकट्यानं असं नव्हे गं. कर्मवीरांनी वसतिगृहं काढली ती कशासाठी?"

त्या दिवशी तुम्ही माझ्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढलंत आणि मे महिन्याचं पान उलटून मागच्या कोऱ्या जागेत वेळापत्रक आखलंत. सकाळी साडेनऊ ते साडेअकरा पोर तुमच्याकडे. रोज. वेळ तुम्ही ठरवलीत, मला विचारलंसुद्धा नाहीत. विचारलं असतंत तर मी "नको, तुम्हाला कशाला त्रास" म्हटलं असतं, हे तुम्हाला माहीत होतं.

जुलैतल्या त्या परीक्षेचं मला नंतर कळलं. कॅमेऱ्यासमोर बसून द्यायची परीक्षा. आधी लॅपटॉप फिरवून सगळी खोली दाखवायची, टेबल मोकळं, आणि परीक्षा संपेपर्यंत खोलीत कुणी फिरकायचं नाही. बाहेर पाऊस कोसळत होता आणि मला पत्ता नाही. तुमच्या घरी दुरुस्तीचा माणूस आलेला, आमच्या घरात मी. पोराचा आवाज आत येऊ नये म्हणून तुम्ही निळी छत्री घेऊन लाँड्रीच्या छपराखाली त्याच्याबरोबर दीड तास उभ्या राहिलात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर त्याच्याकडून वाचून घेत. मी पास झाले. तो घरी आला तो मराठीतून शंभरापर्यंत मोजत.

पण मला जे सांगायचंय ते हे नाही.

ऑगस्टमध्ये माझा गणिताचा पाठ परत आला. दुसरीच्या मुलांना वजाबाकी कशी शिकवणार याचं टाचण. मी बारा पानं लिहिली होती. तपासणाऱ्यानं शेरा मारला होता की शिक्षिका काय करणार ते सगळं आलंय, पण मुलाला समजलं नाही तर काय, हे यात कुठेच नाही. मला तो शेरा फार लागला. कॉलेजातला तो माणूस, ती संस्था, ते जेवण, सगळं एकदम आठवलं. तुम्ही पोराला सोडायला आलात तर मी ओट्याशी उभी राहून रडत होते. तुम्ही काही विचारलं नाहीत. टाचणाची पानं बाजूला सारलीत, स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून बसलात, धाकट्याची पाटी पुढ्यात घेतलीत आणि म्हणालात, "मी दुसरीतली पोरगी. शिकव मला."

मी 52 वजा 27 घातलं. तुम्ही जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून 35 लिहिलंत. मी लगेच "चुकलं" म्हणून पाटी ओढली. तुम्ही सोडली नाहीत. म्हणालात, "माझी पाटी का घेतेस? मला विचार की, कसं केलंस."

मी विचारलं. आणि एकसष्ट वर्षांच्या तुम्ही, मान वर करून, शाळेतल्या मुलीच्या आवाजात म्हणालात, "बाई, दोनातून सात जात नाहीत, म्हणून मी सातातून दोन काढले."

काकू, त्या क्षणाला काय म्हणू? मी या देशात 'डिपेंडंट' होते, 'मॅम' होते, तक्रारीचा क्रमांक होते. 'बाई' मला कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या पहिलीच्या बाई, त्यांच्या साडीला येणारा खडूचा वास, त्यांनी पाठीवर ठेवलेला हात, सगळं त्या एका शब्दात होतं. आणि तो शब्द तुम्ही, एकतीस वर्षं तो ऐकलेल्या बाईंनी, माझ्या हातात आणून ठेवलात. मी अजून कुणीच नव्हते तेव्हा.

मग आपण घरभर काड्या शोधल्या. तुमच्या शाळेत दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या असायच्या. माझ्याकडे कान कोरायच्या कापसाच्या काड्या निघाल्या आणि मोठीचे केसांचे रबरबँड. दहा-दहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्या. तुम्ही गठ्ठ्याकडे बघत म्हणालात, "बाई, हा सोडू का?" मी म्हटलं, सोड. बारा सुट्या झाल्या. त्यातल्या सात बाजूला काढल्यात, पाच उरल्या. चार गठ्ठ्यांतले दोन काढलेत. तुम्ही 35 पुसून 25 लिहिलंत, पाटी दोन्ही हातांनी वर धरलीत आणि म्हणालात, "कळलं, बाई."

तो पाठ मी त्याच रात्री पुन्हा लिहिला. या वेळी त्यात एक मुलगी होती जी सातातून दोन काढते, आणि एक शिक्षिका होती जी तिला आधी विचारते. पास झाला. त्या सहा महिन्यांत माझे सात विषय झाले, काकू. तुम्हाला सोडायला विमानतळावर आले तेव्हा हे मी सांगितलं होतं, पण तुम्ही बॅगेच्या वजनाच्या काळजीत होतात.

पुढचं पुष्कळ आहे आणि ते कंटाळवाणं आहे. बोटांचे ठसे, वाचन शिकवण्याची राज्याची वेगळी परीक्षा, मग शाळेत जाऊन 12 आठवडे बिनपगारी शिकवणं. ते सगळं मी केलं. ज्यांच्या वर्गात शिकवलं त्या बाईही चांगल्या होत्या. पहिल्या आठवड्यात एका मुलानं काहीतरी भलतंच उत्तर काढलं, माझा हात त्याच्या वहीकडे गेला आणि मी तो मागे घेतला. नंतर त्या मला म्हणाल्या, तुम्ही थांबता, हे बहुतेकांना यायला वर्षं लागतात. मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं. त्यांना सातारा कुठे ते माहीत नव्हतं. मी फळ्यावरच्या नकाशात दाखवलं, आणि सावित्रीबाई फुल्यांचं नायगावही त्याच जिल्ह्यातलं, हेसुद्धा सांगितलं.

मी खूप विचार केला की तुम्हाला यातून काय मिळालं. मुलाकडे आला होतात, नायगरा बघायचा होता, नातीबरोबर खेळायचं होतं. रोजचे दोन तास एका परक्या बाईच्या पोराला दिलेत, जिचं आडनावही तुम्हाला महिनाभर नीट आठवत नव्हतं. ज्यांना माझं काम करण्याचा पगार मिळत होता त्यांनी मला रांगेतून बाजूला केलं, आणि तुम्ही जमिनीवर बसलात, गुडघे दुखत असताना. उठताना ओट्याला धरून उठलात हे मी पाहिलं होतं. अशी माणसं असतात म्हणून बाकीच्यांचं चालतं, असं मला अलीकडे फार वाटतं. त्यांची नावं कुठल्याच प्रमाणपत्रावर नसतात. माझ्या पदवीवर कुलगुरूंची सही आहे. तुमची नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शाळा सुरू होण्याआधी मला वर्ग लावायचाय. त्या काड्यांचे पाच गठ्ठे आणि सुट्या दोन मी पिशवीत जपून ठेवल्यात, त्या पहिल्या कप्प्यात ठेवणार आहे. तुमच्याकडे आणखी काय काय असायचं ते मला लिहून पाठवा. चिंचोके, मणी, तक्ते, सगळं. मी इथे मिळेल तसं जमवते.

गुडघ्याचं औषध चालू आहे ना? सूनबाई म्हणत होत्या तुम्ही मधेच बंद केलंत. असं करू नका.

कळावे, लोभ आहेच.

तुमची,
खालच्या मजल्यावरची बाई

ता. क. निळी छत्री माझ्याकडेच राहिली आहे. डिसेंबरच्या सुट्टीत साताऱ्याला येतोय, तेव्हा घेऊन येते.