नारायण दरवाजापाशी राहून गेलेलं

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा शनिवारवाड्यात नारायण दरवाजापाशी तू म्हणालास, "बाबा, तेव्हा तलवारी होत्या, आता मतं आहेत. खुर्चीचा खेळ तोच." तिथल्या गर्दीत मला नीट बोलता आलं नाही. पण तुझं ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना.

३० ऑगस्ट १७७३. पगार थकल्याची ओरड करत गारदी, म्हणजे पगारी शिपाई, वाड्यात शिरले आणि अठरा वर्षांचा पेशवा नारायणराव मारला गेला. लोकांना 'ध'चा 'मा' तेवढा आठवतो. मला पुढचं जास्त अस्वस्थ करतं. पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहून छत्रपतींकडून यायची; ती त्याच्या काकाला, रघुनाथरावालाही मिळाली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी खुनाची चौकशी केली, रघुनाथरावाला दोषी ठरवलं. पण गादीवरच्या माणसाला खाली उतरवायची वाटच कुठे नव्हती. न्यायाधीश पुणं सोडून गेले, दोषी पेशवा राहिला.

मग बारभाईंनी, म्हणजे रघुनाथरावाविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, काय धरलं? नारायणरावाची बायको गंगाबाई गरोदर होती. नाना फडणीस, सखारामबापू यांनी तिला पुरंदरावर सुरक्षित ठेवलं आणि सगळं राज्य तिच्या बाळंतपणाकडे डोळे लावून बसलं. १८ एप्रिल १७७४ ला मुलगा झाला. चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रं दिली. मुलगी झाली असती तर? या प्रश्नाशी मी दरवेळी थांबतो रे. इकडे रघुनाथराव इंग्रजांकडे गेला, १७७५ मध्ये सुरतेचा तह केला, आणि ते भांडण मिटायला १७८२ चा सालबाईचा तह उजाडला. एका माणसाला पदावरून काढायला इतकी वर्षं, इतकी माणसं.

आता १७ एप्रिल १९९९ बघ. लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर पंतप्रधान वाजपेयींच्या बाजूने २६९, विरुद्ध २७०. एका मताने सरकार पडलं. ते राष्ट्रपती भवनात गेले, राजीनामा दिला. पुढची व्यवस्था होईपर्यंत तेच काळजीवाहू पंतप्रधान होते. कारगिलची लढाई त्याच काळात झाली. ऑक्टोबरात निवडणूक जिंकून त्यांनी पुन्हा शपथ घेतली. मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल, असं संविधानाच्या अनुच्छेद ७५ मध्ये एक छोटं वाक्य आहे. रामशास्त्र्यांच्या हाती नेमकं तेच नव्हतं.

आमदार-खासदारांच्या फोडाफोडीवर तू चिडतोस, ते बरोबरच आहे. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी आली, तिच्यातूनही लोकांनी पळवाटा काढल्या. त्या राग येण्यासारख्याच आहेत. पण हरलेला माणूस जिवंत घरी जातो, आणि पुन्हा मतं मागायला दारात येतो. याला तू 'तोच खेळ' म्हणू नयेस, असं मला फार वाटतं.

दिवाळीला आलास की पुरंदरला जाऊ. गडावर लष्कर आहे, ओळखपत्र दाखवावं लागतं. आठवणीने घेऊन ये.

तुझे
बाबा