मागच्या चाकांचेही ऐका

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बर्फाच्या रस्त्यावर माझी गाडी गरकन फिरली तेव्हा वेग ताशी तीस किलोमीटरसुद्धा नव्हता. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह. हिवाळा तोंडावर आला म्हणून टायर बदलायला गेलो, तर कारागीर म्हणाला, "इंजिन पुढे, गाडी ओढणारी चाकंही पुढची. दोनच विंटर टायर घ्या, पुढे बसवतो." मलाही ते पटले, पैसेही वाचले. पुढचे काही दिवस गाडी बर्फातून अशी सहज निघायची की माझा निर्णय बरोबर होता याबद्दल मनात शंकाच उरली नाही. तीच खरी चूक झाली.

उतारावरच्या वळणात शिरल्यावर वेग थोडा जास्त वाटला. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि ब्रेकला हलकेच स्पर्श केला. पुढची चाके वळली, मागची मात्र सरळ बाहेर निघाली. ज्या रस्त्याने आलो तोच क्षणात समोरच्या काचेतून दिसू लागला. कडेच्या बर्फाच्या ढिगाने आम्हाला थांबवले. मागच्या सीटवर मुलगी होती. कुणाला खरचटलेही नाही, पण तिचा तो गप्प झालेला चेहरा मी विसरलेलो नाही.

खाली उतरून टायरवर अंगठा दाबून पाहिला. पुढच्या टायरची नक्षी किंचित दबत होती. मागचा नुसता लाकडासारखा! तापमान साधारण सात अंशांच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होत जाते. विंटर टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. त्यात अशा गाडीचे सुमारे साठ टक्के वजन आधीच पुढे असते. पाय उचलला किंवा ब्रेक दाबला की आणखी वजन पुढे झुकते आणि मागची बाजू हलकी होते. म्हणजे जिथे वजन कमी, नेमके तिथेच मी पकड नसलेले टायर ठेवले होते. पुढची चाके घसरली तर स्टिअरिंग हलके लागते, गाडी सरळ जाते, वेग उतरला की बहुधा पुन्हा ताब्यात येते. मागची सुटली की सावरायला वेळच मिळत नाही.

रिअर व्हील ड्राइव्हवाले, म्हणजे ज्यांच्या गाडीला मागची चाके ढकलतात ते, डिकीत वाळूची पोती टाकतात. त्याने गाडी निघायला मदत होते, हे खरे. पण पोती मागच्या अ‍ॅक्सलच्या जवळ, घट्ट बांधून ठेवावीत. पार मागच्या टोकाला ठेवली तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग कमजोर पडते आणि वळणात शेपूट लंबकासारखे झुलते. शिवाय वाढलेले वजन थांबवायचेही असते. फोर व्हील ड्राइव्हचेही तसेच: निघताना चारही चाके ओढतात, थांबताना मात्र पकड टायरचीच.

हवा थंड टायरवरच तपासावी. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधला दाब साधारण एक पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) कमी होतो. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण हे चिन्ह आहे का, तेही पाहावे. नुसत्या 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) अक्षरांवर विसंबू नये. नक्षीची खोली चार मिलिमीटरच्या खाली गेली असेल, तर कायद्यात बसत असली तरी बर्फात तो टायर मी वापरणार नाही.

टायर विकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: गिऱ्हाईक दोनच विंटर टायर मागत असेल तर त्याला स्पष्ट नाही म्हणा. त्या वेळी मला कुणी तसे सांगितले असते तर मी ऐकले असते.

मागचे दोन टायर मी त्याच आठवड्यात बदलले. मग एका मोकळ्या, बर्फाने भरलेल्या मैदानात गाडी नेली आणि कमी वेगात मुद्दाम वळणात पाय उचलला. गाडी वळणाच्या थोडी बाहेर गेली, पण मागची बाजू पुढच्या चाकांच्या मागोमाग आली.

आपला,
एक वाचक