"संगणकीय चाचणीत सिद्ध" हा खोक्यावरील दावा आणि ग्राहक सेवेने दिलेली वागणूक यांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक,
तसेच गुणवत्ता विभागप्रमुख

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी झालेले शेवटचे संभाषण आत्ताच संपले. त्यातून मला एवढेच समजले की, माझी तक्रार 'निकाली' म्हणून बंद करण्यात आली आहे. ती कोणी आणि कशी निकाली काढली, हे सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही.

कॅप्सूल कोणती, हे आपणांस सांगायला नको. अश्वगंधा, गुळवेल, आवळा आणि हळद यांच्या अर्काची, निरोगी वार्धक्यासाठी म्हणून १,४५० रुपयांना विकली जाणारी, आणि खोक्यावर प्रथिनाच्या निळ्या आकृतीशेजारी "संगणकीय चाचणीत सिद्ध : −९.८" असे ठळक छापलेली आपली दुसरी कोणती कॅप्सूल नसावी.

माझ्या सासूबाई थायरॉइडची गोळी घेतात. ही कॅप्सूल सुरू केल्यावर त्यांना धडधड होऊ लागली, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी कॅप्सूल बंद करायला सांगून तीत अश्वगंधा किती आहे, असे विचारले. धडधड आपल्या कॅप्सूलमुळेच झाली, असे मी म्हणत नाही. परंतु अश्वगंधेने थायरॉइडच्या संप्रेरकांचे प्रमाण वाढू शकते, असे अभ्यासांत दिसले आहे, आणि डॉक्टरांच्या साध्या प्रश्नाचे उत्तर आपल्या खोक्यावर कोठेही नाही. म्हणून मी विचारले : प्रत्येक अर्क किती मिलिग्रॅम, अश्वगंधेचे मूळ वापरले की पान, आणि थायरॉइडच्या गोळीसोबत ही कॅप्सूल चालते का? उत्तरादाखल आपले रंगीत माहितीपत्रक आले. पुन्हा विचारल्यावर तेच माहितीपत्रक पुन्हा आले.

आता आजच्या संभाषणाविषयी. आपल्या प्रतिनिधीने प्रथम मला "आजी" म्हटले, ते मी सोडून दिले. "नॅचरल आहे, साईड इफेक्ट काहीच नाही," असे त्यांनी सांगितले, तेही मी ऐकून घेतले. मग मी विचारले की, −९.८ हा आकडा कशाचा आहे आणि त्याचे एकक काय? त्यावर थोडा वेळ शांतता, मग मागे कोणाशी तरी कुजबूज, आणि मग उत्तर आले की तो "शुद्धतेचा स्कोअर" आहे. शुद्धता उणे कशी असेल, असे मी विचारताच पलीकडे हसण्याचा आवाज आला आणि आपले प्रतिनिधी म्हणाले, "आजी, हे कॉम्प्युटरचं आहे, तुम्हाला नाही कळणार. घरात कोणी शिकलेलं असेल तर त्यांच्याकडे फोन द्या ना." मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून विज्ञान शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आहे, हे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "हो हो, बरोबर आहे," आणि फोन होल्डवर टाकला. होल्डवर बासरी वाजत राहिली आणि अधूनमधून 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असे कळवण्यात आले. बासरी बरी होती, एवढे मान्य करते.

घरातील शिकलेल्या व्यक्तीला जे समजते, ते आता आपणांस लिहून कळवते. −९.८ हा शुद्धतेचा आकडा नसून, एखादा रेणू एखाद्या प्रथिनाच्या खाचेत किती घट्ट बसेल याचा संगणकाने केलेला अंदाज आहे आणि तो किलोकॅलरी प्रति मोल या एककात मांडतात. अशा अंदाजात २ ते ३ किलोकॅलरींची चूक सहज होते, आणि सुमारे १.४ किलोकॅलरींचा फरक म्हणजे बांधणीच्या ताकदीत दहापट फरक; तेव्हा आपला ठळक आकडा शंभरपटीने चुकलेला असू शकतो. शिवाय रेणू प्रथिनाला चिकटला म्हणजे प्रथिनाचे काम वाढले की थांबले, हे त्या आकड्यावरून कळत नाही, आणि तो रेणू आतड्यातून रक्तात पोहोचतो का, हे तर मुळीच कळत नाही. हळदीतील कर्क्युमिन रक्तात फारच थोडे पोहोचते, ही काही गुप्त माहिती नव्हे. पत्रिकेत छत्तीस गुण जुळले म्हणजे संसार झाला, असे कोणी मानत नाही. आपण मात्र गुणांचा कागद दाखवून सुखी संसाराची हमी विकत आहात.

या पद्धतीबद्दल माझी तक्रार नाही. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेने भारतीय औषधी वनस्पतींतील सुमारे १८,००० रेणूंचा 'इम्पॅट' हा संग्रह सर्वांसाठी खुला केला आहे. इतक्या रेणूंतून प्रयोगशाळेत आधी कोणते तपासावेत, हे ठरवण्यासाठी संगणकाची चाळणी उपयोगी पडते. पण चाळणीनंतरच खरी परीक्षा सुरू होते. पेशींच्या वाढीचे नियमन करणाऱ्या एमटॉर या प्रथिनाला आवर घालणाऱ्या रॅपामायसिन या औषधाने उंदरांचे आयुष्य वाढते, हे २००९ साली सिद्ध झाले, तेव्हा ते तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत उंदरांना प्रत्यक्ष खाऊ घालून पाहिले होते. आपल्या माहितीपत्रकात एमटॉर आहे. उंदीर नाही, माणूस तर नाहीच. सासूबाईंना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी एकच विचारले, "मंग थे गोयी काम्पुटरनं खाऊन पायली का?" हा प्रश्न आपल्या संशोधन विभागाकडे पाठवावा, ही विनंती.

माहितीपत्रकात जो रेणू मिरवला आहे, तो विथाफेरिन-ए अश्वगंधेच्या पानांत जास्त असतो आणि औषधात परंपरेने मूळ वापरतात. म्हणूनच मूळ की पान, हे मी विचारले होते. तो रेणू प्रयोगशाळेत पेशी मारण्यासाठीही ओळखला जातो, याचा माहितीपत्रकात उल्लेख नाही. आणि थायरॉइडच्या गोळीसोबत ही कॅप्सूल चालते का, याचे उत्तर मला अजूनही मिळालेले नाही.

वाईट याचे वाटते की, आपले त्रिफळा चूर्ण आमच्या घरात सासऱ्यांच्या काळापासून आहे. त्याच्या डब्यावर हिरडा, बेहडा, आवळा एवढेच लिहिलेले असे आणि ते खरे असे. मेळघाटातला हिरडा-आवळा आमच्या आठवडी बाजारात ढिगाने येतो. तरीही आम्ही आपला डबा घेत होतो, तो आपल्यावरच्या विश्वासाने.

हे पत्र पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत वरील तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मराठीत पाठवावीत आणि खोक्यावरील "सिद्ध" हा शब्द काढावा. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी राहते त्याच जिल्ह्यात, म्हणजे अमरावतीच्या ग्राहक आयोगात, मी तक्रार दाखल करीन आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडेही जाईन. तेथे अशा जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे आपल्या विधी विभागाला ठाऊक असेलच. उरलेल्या कॅप्सूल आणि खोके पुरावा म्हणून माझ्याकडेच राहतील. पैसे परत देण्याची तयारी दाखवून हा विषय बंद करू नये, आणि कृपया फोन करू नये.

आपली ग्राहक,
निवृत्त विज्ञान शिक्षिका,
ता. अचलपूर, जि. अमरावती

सोबत : खोक्याच्या तिन्ही बाजूंची छायाचित्रे, बिलाची प्रत, आणि आपले माहितीपत्रक (दोन प्रती, कारण आपण दोनदा पाठवले).